‘काय चुकले’ हा रकाना

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांसी



ज्या मनुष्याने आयुष्यातील तेहेतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या निरनिराळ्या शाळांतून मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेण्यात घालविली, वरून आलेले प्रत्येक परिपत्रक ‘वाचले’ अशा सहीनिशी फायलीस लावले, आणि पुढचे परिपत्रक येईपर्यंत मागच्याची अंमलबजावणी आपल्या कुवतीप्रमाणे केली, त्याने सेवानिवृत्तीनंतर खात्याला उलट पत्र लिहावे, हे शिरस्त्याला धरून नाही याची मला जाणीव आहे. वर्षातून एकदा द्यावयाच्या हयातीच्या दाखल्यापलीकडे सरकारदरबारी आता माझे काही काम उरलेले नाही. तरीही आपणांस तसदी देण्याचे धाडस करीत आहे ते एका दोनशे पानी वहीमुळे. ती वही माझ्या सातवी उत्तीर्ण झालेल्या नातीची आहे, आणि तिच्यात जे आढळले ते एकट्या आमच्या घरचे नसून घरोघरचे असावे असे वाटल्यावरून हे पत्र खाजगी न धाडता खुले लिहीत आहे.

निकाल लागून गेला की जुन्या वह्या रद्दीत काढण्याचा आमच्याकडे परिपाठ आहे, आणि त्यांतील कोरी पाने निवडून ती शिवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. या वर्षी ती निवड करीत असता प्रकल्पवही हाती आली. पुढून उघडली तेव्हा ती जशी असावी तशीच होती: प्रस्तावना, उद्दिष्टे, साहित्य, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश, मथळे लाल शाईने, मजकूर निळ्या शाईने, कडेने पट्टीने आखलेली चौकट, आणि प्रत्येक प्रकल्पाखाली बाईंची सही. परंतु मागून उघडली तेव्हा तीच वही निराळी झाली. तेथे ना चौकट होती ना लाल शाई. शिसपेन्सिलीने, घाईच्या अक्षरात, प्रत्येक प्रकल्पाविषयी एकेक पान खरडलेले होते, आणि पहिल्या पानाच्या शिरोभागी दोनच शब्द होते: ‘काय चुकले’. “वाचू का गं?” असे मी विचारले तेव्हा ती क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, “वाचा आजोबा, पण मॅडमना सांगू नका.” तिच्या मॅडमना मी सांगितलेले नाही. आपणांस सांगत आहे ते तिची परवानगी घेऊन, आणि तिचे, तिच्या बाईंचे व शाळेचे नाव न घेण्याच्या अटीवर.

आमचे नशिराबाद जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जळगावच्या पूर्वेस दहाएक किलोमीटरांवर वसलेले आहे. उत्तरेस भादलीचे रेल्वे स्टेशन आणि पूर्वेस वाघूर नदी, अशी त्याची खूण सांगता येईल. आज जळगाव तालुक्यातील एक गाव एवढीच ज्याची ओळख उरली आहे, त्या नशिराबादच्या नावाने एके काळी सबंध तालुका ओळखला जाई. सन १८८० च्या खानदेश गॅझेटियरात तालुक्यांच्या यादीत जळगावचे नाव नाही, नशिराबादचे आहे. पुढे रेल्वे आणि कापूस यांच्या बळावर जळगाव वाढले, तालुक्याचे नावही त्याचेच झाले, आणि आमच्याकडे जुनी दप्तरी नोंद तेवढी राहिली. गावात काचेच्या बांगड्या होत असत, असेही त्या काळच्या नोंदींवरून दिसते.

वर्षारंभीचा इतिहासाचा प्रकल्प याच विषयावर होता: ‘आपल्या गावाचा जुना उद्योग’. पुढच्या बाजूस बांगड्यांवर एक नेटका परिच्छेद आहे, गावाचा नकाशा आहे, आणि त्या नकाशात बांगड्यांच्या भट्टीच्या जागी एक लाल ठिपका आहे. मागच्या बाजूस लिहिले आहे ते असे: “कासार आजोबांनी सांगितले की त्यांच्या बांगड्या फिरोजाबादहून येतात. भट्टी कुठे होती ते चार जणांना विचारले. चौघांनी चार जागा सांगितल्या. नकाशात एकच खूण करायची होती म्हणून मी एकच केली. हे चुकले.” महोदय, पुराव्यांत तफावत पडली असता त्यांतील सोयीचा तेवढा निवडून बाकीचे झाकून ठेवावयाचे नसतात, हा इतिहासलेखनाचा पहिला धडा आहे, आणि तो धडा बारा वर्षांच्या मुलीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिला नव्हता, चार म्हाताऱ्यांच्या चार बोटांनी दाखविलेल्या चार दिशांनी दिला होता. खेद एवढाच की तो धडा वहीच्या ज्या बाजूला उतरला त्या बाजूला गुण नाहीत.

दुसरा प्रकल्प कार्यानुभवाचा, केळीच्या खोडापासून धागा काढण्याचा. आमच्या जिल्ह्याला केळीची महती सांगणे म्हणजे पंढरपूरला बुक्क्याची महती सांगण्यासारखे आहे. सन २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचे झाड एकदाच निसवते. घड उतरला की खोड कापावे लागते, बाजूच्या मुनव्यातून पुढचे पीक उभे राहते, आणि कापलेली खोडे बांधाबांधावर कुजत पडतात. त्या खोडात चिवट व चकाकता धागा असतो, आणि बोथट पात्याने सोपटावरील गर खरवडीत गेले की तो हाती येतो. खोड मागण्यासाठी ती शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या मळ्यात गेली होती. त्यांनी तिला जे सांगितले ते तिने जसेच्या तसे टिपून ठेविले आहे: “पोरी, घडाले काय पाहते? आधी पान पाह्य, मंग मुयाकडे पाह्य.” आणि त्याखाली तिची नोंद: “त्यांनी अर्धा तास मळा दाखवला. ते मी लिहिले नाही कारण उद्दिष्टात नव्हते. धागा ओला असताना पिशवीत बांधला म्हणून त्याला वास आला. मॅडमनी तो वर्गाबाहेर ठेवायला सांगितला. चिकाचा डाग गणवेशावर पडला. आई म्हणाली हा जात नसतो. हे पुस्तकात नव्हते.” पुढच्या बाजूस या प्रकल्पाला दहापैकी पाच गुण आहेत, आणि शेरा आहे: ‘नीटनेटकेपणा हवा’.

तिसरा गणिताचा, आठवडे बाजारातील भाज्यांचे भाव विचारून त्यांचा स्तंभालेख काढावयाचा. भरिताच्या वांग्यांची निवड तिने स्वतः केली, आणि ते योग्यच होते. कारण पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांच्या भरितावाचून ज्या मुलखात हिवाळा आला असे कोणी मानीत नाही, त्या मुलखातील मुलीने भेंडीचा आलेख काढावा हे शोभले नसते. आलेख सुबक आहे. मागच्या बाजूस मात्र म्हटले आहे: “मी शाळा सुटल्यावर गेले. तेव्हा भाव उतरलेला असतो. सकाळी जास्त असतो. शिवाय मी वही घेऊन गेले म्हणून दोन मावशींनी कमी भाव सांगितला, त्यांना वाटले घरून मला पाठवले आहे. स्तंभ बरोबर आहेत पण भाव चुकले. भाव वेळेचा असतो.” पाहणी कोणत्या वेळी केली, कोणी केली आणि उत्तर देणाराने प्रश्न विचारणाराला काय समजून उत्तर दिले, या तीन गोष्टींवाचून कोणताही आकडा अर्धवट असतो, हे संख्याशास्त्रातील मर्म तिने कोणतीही परिभाषा न वापरता सांगून टाकले आहे. ‘भाव वेळेचा असतो’ हे तीन शब्द मी माझ्या स्वतःच्या टिपणवहीत उतरवून घेतले.

चौथा भूगोलाचा, मार्च-एप्रिल महिन्यांतील तापमानाच्या नोंदींचा. आमच्याकडचा उन्हाळा सर्वविश्रुत आहे. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेल्याची वार्ता दरवर्षी वृत्तपत्रांत येते व आम्हांस तिचे नवल वाटत नाही. नातीने तापमापक न्हाणीघराच्या पश्चिमेकडील पत्र्याला अडकविला आणि एके दुपारी वहीत त्रेपन्न अंशांची नोंद केली. बाईंनी तो आकडा खोडून, वृत्तपत्रातून पाहून, वर त्रेचाळीस लिहिले. व्यवहारदृष्ट्या बाईंचे काही चुकले असे म्हणता येत नाही. परंतु मागच्या पानावर हे वाक्य आहे: “आमचा आकडा खोटा नव्हता. तो पत्र्याचा होता, हवेचा नव्हता.” वेधशाळांतून तापमापक ज्या पांढऱ्या, झडपांच्या, जमिनीपासून चार फूट उंच अशा लाकडी पेटीत ठेवितात, ती पेटी एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने योजिली, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराचे हे वडील. त्यांच्यापुढचा प्रश्नही नेमका हाच होता: ऊन, भिंत आणि जमीन यांची उष्णता वगळून केवळ हवेची उष्णता कशी मोजावी? आमच्या पत्र्याच्या न्हाणीघरापाशी एक मुलगी त्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती. खोडलेल्या आकड्याशेजारी ‘हा आकडा का आला असावा?’ एवढे चार-पाच शब्द कोणी लिहिले असते, तर ती उंबरठा ओलांडून आत गेली असती.

पाचव्या प्रकल्पाविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो. विषय मराठीचा होता, ‘घरातील बोलीभाषेतील शब्दांचा संग्रह’, आणि विषय निवडणाऱ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदनच करीन. आमच्या भागातील लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’ पुष्कळदा ‘य’ होऊन येतो. केळ्याचे ‘केय’, डोळ्याचा ‘डोया’, मळ्याचा ‘मया’. नातीने आपल्या आजीजवळ बसून असे साठ शब्द जमविले. त्यांची मांडणी करावयास तिला जो तक्ता देण्यात आला होता त्यात दोन रकाने होते. डावीकडे ‘शुद्ध’, उजवीकडे ‘अशुद्ध’. मागच्या पानावर लिहिले आहे: “आजीचे सगळे शब्द उजवीकडे गेले. आजीला वही दाखवली नाही.”

येथून काही कोसांवर आसोदे हे गाव आहे. तेथे सन १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्या जे रचीत ते सोपानदेव या त्यांच्या चिरंजीवाने व आप्तांनी कागदावर उतरविले, ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या कमानीवर जिचे नाव आपण सन्मानाने कोरले तिचे शब्द त्याच जिल्ह्यातील सातवीच्या वहीत उजव्या रकान्यात जावेत, यात दोष कोणा एका शिक्षिकेचा नव्हे. दोन रकान्यांचा तक्ता आखून मिळाला की कोणताही सरळ मनाचा मनुष्य तो भरून मोकळा होतो. मीही अशी कितीतरी कोष्टके भरली आहेत. परंतु एका नातीने आजीपासून वही लपविली, ही त्या तक्त्याची किंमत आहे, आणि ती कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाही.

आता शेवटचा, सूर्यमालेचा प्रकल्प. सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने सन २०१८ मध्ये बंदी घातली असली तरी या चिरंजीव पदार्थाचे दोन चौकोन कोठूनसे मिळाले. माझ्या मुलाने दोन रात्री जागून त्यांतून आठ ग्रह कोरले, शनीला तारेचे कडे केले, आत विजेचा दिवा बसविला, आणि निष्कर्ष व ऋणनिर्देश ही दोन पाने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. शाळेच्या प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला. मी स्वतः त्या प्रतिकृतीसमोर उभे राहून टाळ्या वाजविल्या, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूस या प्रकल्पाच्या पानावर दोनच वाक्ये आहेत: “हा प्रकल्प बाबांनी केला. काही चुकले नाही.”

महोदय, हे दुसरे वाक्य वाचल्यावर मी वही मिटून बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. वर्षभराच्या सहा प्रकल्पांपैकी ज्यात काही चुकले नाही असा हा एकच, आणि ज्यात ती काही शिकली नाही असाही हा एकच; आणि बक्षीस नेमके याच एकाला मिळालेले.

प्रकल्पाची कल्पना काही काल-परवाची नव्हे. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी सन १८९६ मध्ये शिकागोस जी प्रयोगशाळा-शाळा काढली तीत मुले स्वयंपाक, सुतारकाम व विणकाम करता करता शास्त्र आणि इतिहास शिकत. त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी सन १९१८ मध्ये या पद्धतीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यात प्रकल्पाचा प्राण म्हणून एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे मुलाने स्वतःच्या मनातील हेतूने, सर्वांतःकरणाने केलेली कृती. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जिला आकार दिला, ती मूलोद्योगाची योजना याच कुळातील होती. आमच्या खानदेशात तर त्याच्याही आधी, सन १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या शाळेत असताना, साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक चालवीत. त्याला ना गुण होते ना प्रमाणपत्र, आणि तरीही ते रोज वाचले जात असे.

पण मूलोद्योगाचे पुढे काय झाले ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. मी लहानपणी टकळीवर सूत काढले. आमच्या शाळेतील टकळ्या एका लाकडी कपाटात कुलूपबंद असत, आणि दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला येणार अशी वर्दी आली की त्या बाहेर निघत. त्या दिवशी वर्गभर टकळ्या फिरत, दिपोटीसाहेब समाधानाने मान डोलावीत, आणि संध्याकाळी टकळ्या मोजून पुन्हा कपाटात जात. सूत मात्र आदल्या वर्षीचेच असे. आजचा थर्माकोलचा शनी मला त्या कपाटातील सुताचा थेट वंशज वाटतो. शिक्षणातील कोणतीही जिवंत गोष्ट तपासणीसाठी मांडून ठेवावी लागली, की तिच्या जागी हळूहळू तिची प्रतिकृती येऊन बसते. आणि प्रतिकृती नेहमीच मूळ वस्तूपेक्षा अधिक नीटनेटकी असते.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामागोमाग, २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची जी पद्धत राज्याने स्वीकारली, तिचा मी सेवेत असताना पुरस्कार केला आणि आजही करतो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधने त्या निर्णयाने शिक्षकाच्या हाती दिली. सातवी-आठवीसाठी शंभरांपैकी चाळीस गुण आकारिक मूल्यमापनास राखले. मुलाची पारख एका दिवसाच्या तीन तासांत न करता वर्षभराच्या वागण्या-करण्यातून करावी, हा त्यामागील हेतू उदात्त होता. तथापि एका बाईंकडे चाळीस मुले, प्रत्येकाचे अनेक विषय, प्रत्येक विषयाची आठ साधने, आणि शिवाय मतदारयादी, पोषण आहार व निरनिराळ्या ऑनलाइन माहितींचा तगादा, असा हिशेब मांडला म्हणजे लक्षात येते, की त्या बाईंना प्रकल्पाचा कर्ता पाहण्यास उसंत नाही. त्यांना प्रकल्प तेवढा पाहता येतो. आणि वस्तूच पाहावयाची झाली, तर चकाकणारी वस्तू जिंकणार आणि वास येणारा धागा वर्गाबाहेर जाणार, हे ओघानेच आले.

यास उपाय काय? मी आपणांकडे नवी योजना, नवे ॲप किंवा नवे प्रशिक्षण मागत नाही. तिन्हींचा आम्हांस पुरेसा अनुभव आहे. माझे मागणे एका रकान्याचे आहे. प्रकल्पाच्या विहित नमुन्यात प्रस्तावनेपासून ऋणनिर्देशापर्यंत जे मथळे आहेत त्यांत ‘काय चुकले’ असा एक मथळा अधिकृतपणे घालावा, तो मुलाने स्वहस्ते व स्वतःच्या भाषेत भरावा, आणि प्रकल्पाचे निम्मे गुण त्या एका पानाला असावेत. आपण कदाचित स्मित कराल. परंतु याचा एक व्यावहारिक फायदा आपल्या नजरेस आणून देणे माझे कर्तव्य आहे: सूर्यमाला विकत मिळते, निष्कर्ष झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, ऋणनिर्देशही मिळतो, चूक मात्र कोठेही विकत मिळत नाही. जिने खोड खरवडले तिलाच ठाऊक असते की धागा ओला बांधू नये. त्या एका पानावरून वर्गातील चाळीस प्रकल्पांपैकी कोणते मुलांनी केले आणि कोणते वडिलांनी, हे बाईंना अर्ध्या तासात कळेल, आणि त्यांचा तेवढा भार हलका होईल.

याच्या जोडीस एक लहानशी पुरवणी. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे, असे सांगितले आहे. त्या दहा दिवसांसाठी प्रत्येक गावाची एक यादी शाळेत लावावी, आणि तिच्यात आमचे कासार आजोबा, मळ्यातले शेतकरी आणि बाजारातल्या मावशी यांची नावे असावीत. तसेच नातीच्या आजीचेही असावे, आणि ते लिहिताना वहीत शुद्ध-अशुद्धाचे दोन रकाने नसावेत, ‘आजी असे म्हणते’ आणि ‘पुस्तकात असे आहे’ असे दोन असावेत.

गावाने शाळेला असे काही देणे ही आमच्या मुलखाला नवी गोष्ट नाही. चाळीसगावनजीक पाटणादेवीच्या परिसरात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एक शिलालेख उजेडात आणला. तो सन १२०७ च्या सुमाराचा आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि त्या मठाच्या निर्वाहासाठी जी दाने मिळाली त्यांचा तपशील त्या लेखाच्या अखेरीस प्राचीन मराठीत कोरलेला आहे. त्यात एक दान असे, की गावात जेवढे घाणे चालतील त्यांतील प्रत्येकाने मठासाठी पळी पळी तेल द्यावे. राजाची सनद संस्कृतात लिहिली गेली. तेल्याची पळी मराठीत लिहिली गेली. विद्येचा दिवा तेवत राहण्यास सनद हवीच, पण आठशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला हेही कळत होते की दिव्यात तेल गावाचे पडते. आमच्या गावातही असे घाणे अजून चालत आहेत: केळीचे पान आधी पाहण्यास सांगणारा एक, भट्टीच्या जागेवरून भांडणारे चार, आणि साठ शब्द सांगणारी एक. त्यांची पळी शाळेच्या दारापर्यंत येते आहे. दारात तिला कोणी अशुद्ध म्हणून परत धाडू नये, एवढेच.

तेथे नातवाने आजोबांचे ग्रंथ पुढे चालविले. येथे आजोबांनी नातीची वही पुढे पाठविली आहे. क्रम उलटा झाला खरा, पण तेहेतीस वर्षे फळ्याकडे तोंड करून उभा राहिलेल्या माणसाला वहीची मागची बाजू शिकविण्यास नातीवाचून दुसरे कोण मिळणार होते?

पत्र संपविण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मसुदा तिला वाचून दाखविला तेव्हा तिने ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, ‘काय चुकले’ पुढच्या बाजूला लिहिले तर गुण कापतात का?” माझ्या सबंध नोकरीत या प्रश्नाचे उत्तर मी तोंडाने कधीच दिले नाही, पण लाल शाईने रोज देत आलो, ते उत्तर तिला सांगण्याचा मला धीर झाला नाही. “पुण्याला विचारून सांगतो,” एवढेच म्हणालो. आठवीची प्रकल्पवही आणून ठेवली आहे. तिच्यावर तिने नाव घातले आहे, पण ती कोणत्या बाजूने लिहावयास घ्यावी हे तिचे अद्याप ठरलेले नाही. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आपले उत्तर यावे, ही विनंती.



आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
नशिराबाद, ता. जि. जळगाव